मामांच्या गिरणीची मागची बाजू

बंद पडलेल्या गिरण्या बघायला माणसं सुट्टी काढून होडीतून येतात, हे मला मुंबईत कुणी सांगितलं असतं तर मी त्याला गेटवरच्या सभेत उभं केलं असतं आणि म्हटलं असतं, आता हेच सगळ्यांसमोर बोल. पण हे मी स्वतः पाहिलं. त्या होडीत मीच बसले होते, मांडीवर चिवड्याचा डबा घेऊन.

त्र्याऐंशी सालचा जुलै. मुंबईत गिरणी संपाला दीड वर्ष होऊन गेलं होतं. माझे बाबा साचेवाले, म्हणजे मागावरचे विणकर. त्यांच्या गिरणीचं गेट पूर्ण बंद होतं. मी संपाची पत्रकं लिहायची. कॉलेजात बसून निबंध लिहिणाऱ्यांतली नव्हे. चाळीच्या जिन्यात बसून, सायक्लोस्टाइलची शाई बोटांना लावून, पहाटे पाळीच्या वेळेला गेटवर वाटायची पत्रकं. अशात मला अमेरिकेतल्या एका विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली. मी नको म्हणत होते, बाबा म्हणाले, जा. आमच्यातल्या पोरांनी टोमणे मारलेच. एकजण म्हणाला, "चालली बघा, भांडवलशाहीच्या माहेरी."

माहेर नव्हे, आजोळ. कारण तिथे माझे मामा होते.

मामा म्हणजे आमच्या घरातला कापडाचं शास्त्र शिकलेला एकुलता एक माणूस. टेक्स्टाइल इंजिनीअर होऊन एकोणसत्तर साली अमेरिकेला गेले ते तिथल्या एका गिरणीतच नोकरीला लागले. संपाआधी मुंबईला आले तेव्हा आमच्या खोलीत कॉटवर बसले होते आणि बाबांच्या खात्यातली सगळी माणसं जमिनीवर, दारात, बाहेर गॅलरीत. मामांचा आवाज जन्माचा बारीक. विणकर तर सगळे साच्यांच्या आवाजानं अर्धे बहिरे. त्यामुळे मामा एक वाक्य बोलायचे आणि बाबा ते ओरडून गॅलरीपर्यंत पोचवायचे. तिकडे साच्यात आता आडवा धागा नेणारा धोटा नसतो. तिकडे खात्यात गारवा असतो. यंत्रं सगळी बदलली. कुणीतरी विचारलं, आणि माणसं? मामा काहीतरी म्हणाले. बाबा ओरडले, "माणसं आहेत!"

जाताना मामांनी बाबांना एक जाड, पांढरा टॉवेल दिला. आमच्या मिलचा, म्हणाले. तो टॉवेल बाबांनी कधी अंगाला लावला नाही. घडी करून ट्रंकेत ठेवला, आणि कोणी आलं की बाहेर काढायचा. माणसं दोन बोटांत धरून त्याचा पोत बघायची आणि परत द्यायची.

संपात मी त्यावर एक पत्रक लिहिलं. "अमेरिकेत यंत्रं बदलली, माणसं ठेवली, मग इथे का नाही?" तुफान चाललं ते पत्रक. तीनदा काढावं लागलं.

मी निघायच्या सुमाराला बाबांच्या गिरणीकडून निरोप यायला लागले होते. राजीनामा लिहून द्या, हिशेब घ्या, मोकळे व्हा. बाबांपुढे सरळ प्रश्न होता. हिशेब घेतला आणि उद्या गिरणी चालू झाली, तर एकवीस वर्षांचा साचा हातातून गेला. थांबले आणि गिरणी उघडलीच नाही, तर गावाकडचा जमिनीचा तुकडाही जाणार, कारण काकांनी कळवलं होतं की या वर्षी लावणीला तुम्ही आला नाहीत तर मी एकटा करू शकत नाही, दुसऱ्याला कसायला देतो. बाबांचा पुढाऱ्यांवर विश्वास उरला नव्हता. मालकांवर कधीच नव्हता. माझ्यावर होता, पण मुलगी म्हणून. मला ते म्हणाले, "मामांना विचार. गिरणी परत चालू होईल की नाही? ते म्हणतील तसं करतो."

आणि ठरलं. जुलैच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी बाबा नाक्यावरच्या वाण्याच्या दुकानात, पी.पी. नंबरवर, फोनशेजारी बसून राहतील. तिकडून मामा फोन करतील आणि सांगतील.

मामांच्या घरी पोचल्यावर पहिल्याच दिवशी मी प्रश्न विचारला. मामा म्हणाले, "बघू. आधी जरा फिरून येऊ. या वीकेंडला आपण बोट रेंट केली आहे."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. बाबा तिकडे डाळीत पाणी वाढवतायत आणि आम्ही बोट रेंट केली आहे!

ती बोट म्हणजे एक लांबोडकं लोखंडी घर होतं, वर सपाट टप, आत बिछाने, एक गॅसची शेगडी, मागच्या टोकाला उभं राहून धरायचं सुकाणू. न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या भागात एरी कनाल नावाचा जुना कालवा आहे, त्यावर ती चालायची, माणूस भरभर चालेल त्याच वेगानं. आम्ही चौघं: मामा सुकाणूवर, मामी शेगडीशी, मी, आणि माझी सोळा वर्षांची मामेबहीण, जी मला ताई म्हणायची आणि पुढचं सगळं इंग्रजीत बोलायची. दोन्ही बाजूंना डोंगर. हिरवे, गोल, शांत. नदी आणि कालवा एकमेकांत शिरत, बाहेर पडत चाललेले. सुंदर होतं, मी नाही म्हणत नाही. मला त्या सौंदर्याचाच राग येत होता.

डोंगराळ मुलूख असल्यामुळे कालवा सपाट राहत नाही, टप्प्याटप्प्यानं उतरतो. प्रत्येक टप्प्यावर एक लॉक. लॉक म्हणजे सिमेंटची उंच भिंतींची पेटी. मामा भोंगा तीनदा वाजवायचे, दार उघडायचं, बोट आत जायची, दार बंद, आणि मग तळातून पाणी सोडून देतात. बोट लिफ्टसारखी खाली जाते. आपण फक्त भिंतीवरच्या खुंटाला दोर वळसा घालून हातात धरायचा आणि बोट उतरेल तसा सैल सोडत राहायचं. बांधायचा नाही. मामांनी हे निघतानाच सांगितलं होतं.

मामींचा स्वभाव बांधायचा. मुंबईला निघताना त्यांच्या बॅगांना कुलूप, वर पट्टा, वर सुतळी, आणि सुतळीला दुहेरी गाठ. अमेरिकेत इतकी वर्षं राहून फ्रीजमधल्या डब्यांनाही त्या रबरबँड लावायच्या. दुसऱ्याच लॉकमध्ये पुढचा दोर त्यांच्याकडे होता. त्यांनी तो बोटीच्या कडीला पक्का बांधला आणि आमटी ढवळायला आत गेल्या.

पाणी उतरायला लागलं. बोटीची शेपूट उतरली, नाक वरच राहिलं. आधी कळेना काय होतंय. मग फळीवरचा मिसळणाचा डबा घसरला, त्यामागून चिवडा, त्यामागून आमटीचं पातेलं. मामेबहीण किंचाळली. वरून लॉकवाला धावत आला, पाणी बंद करा म्हणून दुसऱ्याला हातवारे करायला लागला. बोट भिंतीला टांगली गेली होती, आणि दोर असा ताठ झाला होता की गाठ सुटणं शक्यच नव्हतं. मामा सुकाणू सोडून टपावरून पुढे धावले आणि ब्रेड कापायच्या सुरीनं दोर कापला. बोट धाडकन पाण्यात आपटली.

आम्ही सगळे ओले, हळदीनं पिवळे. मामी म्हणाल्या, "मग आधी सांगायचं होतंत नीट."

"तीनदा सांगितलं," मामा म्हणाले.

"तुम्ही सांगता ते कुणाला ऐकू जातं का? नवऱ्यानं सांगितलेलं ऐकायला बायकोनं काय तोंडाला कान लावून बसायचं?"

मामेबहीण हसायला लागली, मग मामा, मग मीही. तेवढीच त्या तीन दिवसांतली मी हसलेली वेळ. वरून लॉकवाला अजून काहीतरी सांगत होता. बांधू नका, असंच असणार.

दुपारी पहिलं गिरणगाव आलं.

मला कुणी सांगितलं नव्हतं की या कालव्याच्या काठाला गिरण्या आहेत. वळण ओलांडलं आणि समोर लाल विटांची भिंत. एक मजला, दोन मजले, पाच मजले, लांबीला संपतच नव्हती. खिडक्यांच्या रांगा. शेवटी चिमणी. मी उभी राहिले. चिमणीकडे बघितलं की धूर आहे का ते बघायची सवय आम्हाला लहानपणापासून. धूर असला तर सगळं ठीक. धूर नव्हता. खाली जिथे गेट असायला हवं तिथे रंगीत छत्र्या आणि खुर्च्या होत्या.

बॉयलरच्या खोलीत आइस्क्रीमचं दुकान होतं. मी अतिशयोक्ती करत नाही. बॉयलर तसाच ठेवला होता, काळा, घासून चकचकीत केलेला, आणि त्याच्या तोंडात मेनू लावला होता. वर मजल्यांवर फ्लॅट केले होते. भाड्यानं देणे आहे, अशी पाटी होती, खाली लिहिलेलं की उंच छत, मोठ्या खिडक्या, भरपूर उजेड. त्या खिडक्या मोठ्या का असतात? माणसाला तुटलेला धागा दिसावा म्हणून! उजेड पाहिजे तो माणसाला नव्हे, धाग्याला. त्या उजेडाचं आता भाडं घेत होते.

मी मामांना विचारलं, इथली माणसं कुठे गेली? मामा आइस्क्रीम खात नव्हते, कोन हातात धरून नुसते उभे होते. म्हणाले, गेली इकडेतिकडे. मी विचारलं, इकडेतिकडे म्हणजे कुठे? ते म्हणाले, चल, उशीर होतो.

कसला उशीर? चालायच्या वेगाची बोट!

दुसऱ्या दिवशी दुसरं गाव, दुसरी गिरणी. ही म्युझियम होती. तिकीट काढून आत गेलो तर लांबलचक रिकामं खातं, लाकडी जमिनीवर तेलाचे डाग अजून तसेच, आणि मधोमध एकच साचा. त्याच्याजवळ एक म्हातारी उभी, केस पांढरे, अंगात ॲप्रन. माणसं जमल्यावर तिनं बटण दाबलं.

साचा चालू झाला. बाकीच्या लोकांनी हसत कान झाकले. लहान मुलं आरडाओरडा करायला लागली. एका साच्याचा आवाज तो. बाबांच्या खात्यात तसे शेकडो होते. संप सुरू झाल्यापासून मी तो आवाज ऐकलाच नव्हता आणि आपण तो ऐकलेला नाही हे मला तोवर कळलंही नव्हतं. मिनिटभरात तिनं बटण बंद केलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. साच्याला टाळ्या.

गर्दी पुढे सरकल्यावर मी तिच्याशी बोलले. माझं इंग्रजी तेव्हा पुस्तकी, आणि तिला ऐकू कमी, म्हणून मी मोठ्यानं आणि सावकाश बोलले. घरात सवय होतीच. ती याच गिरणीत, याच मजल्यावर विणकर होती. गिरणी कधी बंद झाली, का झाली, ते तिनं असं सांगितलं जणू पाऊस कधी पडला ते सांगतेय. साचे दक्षिणेतल्या राज्यांत नेले, तिकडे मजुरी स्वस्त. ट्रकमधून नेले. इथले लोक रस्त्यावर उभे राहून बघत होते.

मी विचारलं, तुम्ही संप नाही केलात?

"केला ना," ती म्हणाली. "लांब चालला. आम्ही जिंकलो."

"मग?"

"मग पुढच्या वर्षी साचे नेले. आम्हाला नाही नेलं."

आणि हसली. चेष्टा केल्यासारखी नव्हे, पाहुण्याला हसावं तशी. पुढची गर्दी आली आणि ती बटणाकडे वळली.

हरणं मला माहीत होतं. त्याची तयारी आम्ही ठेवली होती, त्यावर पत्रकंही लिहून ठेवली होती. जिंकून असं होतं, हे मला कुठल्याही शिबिरात कुणी सांगितलं नव्हतं. मी बाहेर येऊन काठावर बसले. मामी शेजारी येऊन बसल्या. त्यांनी माझ्या हातावर थेपला ठेवला. "खा," म्हणाल्या. "रिकाम्या पोटी राग चढतो." मी म्हटलं, मामी, तुम्हाला हे भयंकर वाटत नाही? त्या कालव्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "मला वाटून झालं."

तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

संध्याकाळी जेवताना मी मामांना सगळ्यांसमोर विचारलं. उद्या रविवार. बाबा फोनपाशी बसणार. काय सांगणार आहात? मामा म्हणाले, "सांगीन." मी म्हटलं, मला आत्ता सांगा. इथल्या या दोन गिरण्या बंद पडल्या हे मी बघितलं, पण तुमची चालू आहे ना, मग फरक कशात आहे ते सांगा, म्हणजे तोच मुद्दा बाबांना सांगता येईल. मामेबहिणीनं ताटातून मान वर केली आणि आईकडे बघितलं. मामींनी तिला वरण वाढलं, तिनं मागितलेलं नसताना. मामा उठून सुकाणूकडे गेले. बोट बांधलेली होती, सुकाणू धरायची काही गरज नव्हती.

रविवारी सकाळी बोट हलली. धुकं होतं, मग विरलं. डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ आले आणि त्यांच्यामध्ये तिसरं गाव दिसायला लागलं. चर्चचा मनोरा, त्याच्या दुप्पट उंच चिमणी. ही गिरणी सगळ्यांत मोठी. आणि इथे आइस्क्रीमही नव्हतं. खिडक्यांतून झाडं बाहेर आली होती, चांगली मनगटाएवढ्या खोडांची. छप्पर एका बाजूनं आत बसलेलं. पाण्याच्या बाजूला मोठमोठी काळी तोंडं होती, जिथून कधीकाळी चाकं फिरवून पाणी बाहेर पडत असणार. मामांनी इंजिन मंद केलं होतं. बोट जवळजवळ थांबली होती.

मी शेजारी बसलेल्या मामेबहिणीला सहज विचारलं, ही कुठली गिरणी?

"ही? डॅडची ओल्ड मिल," ती म्हणाली.

"ओल्ड म्हणजे? नवीन कुठे आहे?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मीच लहान. "देअर इज नो न्यू वन, ताई. इट क्लोज्ड. आय वॉज इन सेकंड ग्रेड."

दुसरीत. म्हणजे आठ वर्षांपूर्वी. म्हणजे आमच्या कॉटवर बसून मामा गारव्याच्या खात्याबद्दल बोलत होते तेव्हा या खिडक्यांतून झाडं उगवायला लागली होती.

मी मागच्या टोकाला गेले. काय बोलले ते सगळं लिहीत नाही, त्यातलं निम्मं लिहिण्यासारखं नाही. मुद्दा एवढाच होता: तुमच्या शब्दावर माणसं दीड वर्ष उपाशी बसलीत. तुमच्या गिरणीवर मी पत्रक काढलंय, तीनदा काढलंय. 'यंत्रं बदलली, माणसं ठेवली' हे गेटवर वाचून लोक टाळ्या वाजवत होते.

मामा म्हणाले, "मी म्हणालो होतो, यंत्रं बदलली."

"आणि माणसं?"

"मला म्हणायचं होतं, माणसं होती. तुझे बाबा ओरडले, आहेत. मी पुन्हा बोललो. कुणाला ऐकू गेलं नाही." मग म्हणाले, "मीही पुन्हा पुन्हा बोललो नाही. सगळे माझ्याकडे बघत होते."

मी विचारलं, मग आठ वर्षं काय करताय? ते म्हणाले, बटाट्याच्या वेफर्सच्या कारखान्यात आहे. पिशव्या भरायचं यंत्र सांभाळतो. पिशवीत हवा किती भरायची ते बघतो.

हे मला ठरवताच येईना की हे काय आहे. आमच्या चाळीत पोरांना सांगतात, मामांसारखं शिक.

मामी दारात येऊन उभ्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "गाडीनं आलो असतो तर मेन स्ट्रीटवरून यावं लागलं असतं. तिथे यांना सगळे ओळखतात. एकदाही आले नाहीत गेल्या आठ वर्षांत. म्हणून बोट. मागच्या बाजूनं तरी येतो म्हणाले. तुला दाखवतो म्हणाले, आणि मग भावोजींना सांगतो." मग मामांकडे वळल्या. "आता दाखवून झालं. आता सांगा."

मामा म्हणाले, फोनवर कसं सांगणार, मी पत्र घालतो सविस्तर. मी म्हटलं, पत्र पोचेपर्यंत लावणी संपेल. मामांनी मान हलवली. बोट गावच्या धक्क्याला लावली. दोर या वेळी मामींनीच बांधला, आणि कुणी काही म्हटलं नाही.

फोनची काचेची पेटी मेन स्ट्रीटवरच होती, चर्चसमोर. दुसरीकडे कुठे नव्हती. सकाळचे साडेनऊ, तिकडे संध्याकाळचे सात. मामांनी ऑपरेटरला नंबर दिला. बराच वेळ खरखर. मी त्यांच्याबरोबर आत उभी होते, दार माझ्या पाठीनं उघडं राहिलेलं, बाहेर मामी आणि मामेबहीण. वाणी बोलला, आणि लगेच बाबा. शेजारीच बसले असणार, दुपारपासून.

बाबा फोनवरही साच्यापाशी उभं असल्यासारखेच बोलतात. त्यांचा प्रत्येक शब्द रिसीव्हरबाहेर येत होता. पोरगी पोचली का नीट? हो. सगळे बरे? हो. मग म्हणाले, "बोला मेव्हणे. तुमची मिल काय म्हणते?"

मामांचे ओठ हलले. मलाही ऐकू आलं नाही.

"काय?"

मामा पुन्हा बोलले.

"मोठ्यानं बोला! काही ऐकू येत नाही!"

मी मामांकडे बघत होते. सत्य सांगायची हिंमत एक गोष्ट. त्यांना ते ओरडायचं होतं. जन्मात कधी न चढवलेला आवाज, रविवारी सकाळी, आपल्याच गिरणीच्या गावात, भर रस्त्यात. त्यांनी डोळे मिटले.

"भावोजी, माझी गिरणी बंद पडली! आठ वर्षं झाली!"

चर्चमधून माणसं बाहेर पडत होती. सगळी वळली. त्यांना शब्द कळणं शक्य नव्हतं. त्यांच्यातल्या टोपीवाल्या एका म्हाताऱ्यानं मामांना ओळखलं असावं, कारण त्यानं अर्धा हात वर केला आणि तसाच ठेवला.

तिकडून नुसती खरखर. मग बाबा म्हणाले, "मग इतकी वर्षं घर कसं चालवलंत?"

"वेफर्सच्या कारखान्यात आहे!"

"कशाच्या?"

"वेफर्स! बटाट्याचे!"

मामेबहीण तोंडावर हात दाबून उभी होती. हसत होती की रडत होती ते मी बघितलं नाही.

"पोरीची शाळा चालू आहे ना?" बाबांनी विचारलं.

"आहे!"

"मग ठीक." पुन्हा खरखर. "आणि आमची? चालू होईल?"

"नाही होणार, भावोजी! गेलेली गिरणी परत येत नाही! मी इथे तीन बघितल्या!"

बाबा म्हणाले, पोरीला द्या.

मी रिसीव्हर घेतला. माझ्याकडे बोलायला खूप होतं. म्हातारीचं सांगायचं होतं, जिंकल्यावर साचे नेले ते सांगायचं होतं, पुढचं पत्रक यावरच काढा असं सांगायचं होतं. बाबा म्हणाले, "मामांना काही बोलू नकोस."

मी म्हटलं, बोलून झालं.

"मग आता पुरे. मी उद्या हिशेब घेतो. लावणी निम्मी तरी राहिली असेल अजून."

मी ओरडले, बाबा, एवढ्यात सोडू नका, अजून माणसं आहेत गेटवर. वाण्याच्या दुकानात उभी असलेली सगळी गिऱ्हाइकं ऐकत असणार, मला पर्वा नव्हती. बाबा म्हणाले, त्यांनाही आता खरं सांगायला पाहिजे ना, तू ते लिही. एवढ्या शांतपणे म्हणाले की मला धक्का बसला. मी रागावलेली, मामी रागावलेल्या, आणि ज्याचा साचा गेला तो माणूस पोरीच्या शाळेची चौकशी करत होता. हे मला आजही पटलेलं नाही. ही शांतता आमच्या माणसांना कुणी शिकवली?

ऑपरेटर मध्ये बोलायला लागला. तेवढ्यात बाबांना काहीतरी आठवलं. म्हणाले, "मामांना विचार, मग तो टॉवेल कुठला?"

मी वळून विचारलं. मामा काचेला टेकून उभे होते, घामानं शर्ट भिजलेला. ते म्हणाले, "दुकानातला. सेलमधला."

"दुकानातला, बाबा! सेलमधला!"

"असं होय," बाबा म्हणाले. "मग वापरायला काढतो."